स्वतःच्या मुळावरचा गुलाब



रत्नागिरी म्हटलं की कुणाला हापूस आठवतो, कुणाला मासळी, कुणाला लोकमान्यांचं जन्मघर, तर कुणाला थिबा राजाचा राजवाडा. गुलाब काही कुणाला आठवत नाही. गुलाब म्हणजे पुणं, गुलाब म्हणजे नाशिक. मोगल अमदानीत तर नाशिकचं नावच गुलशनाबाद होतं. आपल्या कोकणच्या बायकांच्या केसांत ओवळीचे वळेसर, सुरंगीचे गजरे, अबोली, सोनचाफा. तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळणारा पाऊस, पायाखाली जांभा दगड आणि समुद्रावरून येणारा खारा वारा. अशा ठिकाणी गुलाबाची हौस कुणी करावी?

आणि तरीही आपल्या जुन्या आळ्यांतून चाललात, तर गडग्याच्या आतल्या बाजूला, विहिरीच्या किंवा न्हाणीच्या जवळ एखादं बुटकं, गुडघ्याएवढं झुडूप दिसतं. पानं लहान, फांद्या बारीक, काटे बेताचे. आणि त्यावर रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, गर्द तांबडी फुलं. कुणी त्याला गावठी गुलाब म्हणतं, कुणी तांबडा गुलाब, कुणी नुसतंच बारमाही. आज मी बोलणार आहे ती या गुलाबाबद्दल. नर्सरीतल्या मोठ्या, टपोऱ्या, लांब दांड्याच्या गुलाबाबद्दल नाही.

मी कविता लिहिते. कवितेत गुलाब लावायला काहीच लागत नाही, एक ओळ लिहिली की झालं. अंगणात लावायला माती लागते, शेण लागतं, आणि मुख्य म्हणजे पाऊस संपेपर्यंत धीर लागतो. पण आधी शब्दाबद्दल थोडं बोलते, कारण तो माझा धंदा आहे. 'गुलाब' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. 'गुल' म्हणजे फूल, 'आब' म्हणजे पाणी. फारसीत गुलाब म्हणजे फूल नव्हे, गुलाबपाणी. आपण मराठीत पाण्याचं नाव फुलाला दिलं, आणि मग पाण्याला पुन्हा 'गुलाबपाणी' म्हणून त्याला दोनदा पाणी पाजलं. गंमत पुढेच आहे. हाच शब्द अरबीत गेला तेव्हा त्याचा 'जुलाब' झाला. औषधी गोड सरबताला तो शब्द वापरू लागले, आणि फिरत फिरत तो आपल्याकडे कोणत्या अर्थानं आला ते तुम्हांला ठाऊक आहेच. म्हणजे गुलाब आणि जुलाब ही सख्खी भावंडं आहेत. गुलकंदाचं म्हणाल, तर त्यातला 'गुल' इराणचा. पण 'कंद' म्हणजे साखर, तो आपल्या संस्कृतातल्या 'खंड' या शब्दावरून तिकडे गेला आणि फूल घेऊन माहेरी परत आला. शब्दांना पासपोर्ट लागत नाही, आणि पूर्वी रोपांनाही लागत नसे.

आपल्या या बुटक्या गुलाबाचा प्रवासही असाच आहे. बारा महिने फुलणं हा गुणच मुळी चीन देशातल्या गुलाबांचा. चिनी भाषेत त्या गुलाबाला जे नाव आहे, त्याचा अर्थ 'महिन्या-महिन्याला येणारा' असा काहीसा होतो. युरोपातले जुने गुलाब बहुतेक वर्षातून एकदा फुलायचे, आणि त्यांत खरा किरमिजी-लाल, न फिकटणारा रंग नव्हता. जांभळ्याकडे झुकणारे होते, गुलाबी होते, पांढरे होते. मग अठराव्या शतकाच्या अखेरीस, 1790 च्या सुमारास, इंग्लंडात गिल्बर्ट स्लेटर नावाच्या माणसाच्या बागेत चीनकडून आलेला एक ठेंगणा, गर्द लाल गुलाब फुलला. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या व्यवहाराशी त्याचा संबंध होता. 1794 मध्ये तिथल्या 'बोटॅनिकल मॅगझिन'मध्ये त्याचं चित्र छापून आलं, तेही 'सदा फुलणारा गुलाब' अशा अर्थाच्या नावानं.

ही जहाजं चीनहून सरळ लंडनला जात असंही नाही. वाटेत कलकत्ता होतं. हुगळीच्या काठी 1787 मध्ये सुरू झालेल्या वनस्पती उद्यानात परदेशची रोपं उतरत, विसावा घेत आणि पुढे जात. त्यामुळे युरोपातल्या लोकांना वाटलं, हे गुलाब बंगालचेच. फ्रेंच लोक चिनी गुलाबांना कित्येक वर्षं 'बंगाल' याच नावानं ओळखत होते. पुढे 1832 मध्ये फ्रान्समध्ये याच कुळातला 'क्रामोआझी सुपेरिअर' नावाचा गडद लाल, आटोपशीर गुलाब तयार झाला. तोही जगभरच्या उष्ण मुलखांत पसरला. आज दुकानात जे लालबुंद, वर्षभर मिळणारे गुलाब दिसतात, त्यांचं वर्षभर फुलणं चिनी पूर्वजांकडून आलेलं आहे आणि त्यांच्या लालीतही त्या किरमिजी चिनी गुलाबांचा मोठा वाटा आहे.

इथे एक खुलासा करते. आपल्याकडे 'चिनी गुलाब' म्हणून जमिनीलगत पसरणारी, सकाळी दहाला उमलून दुपारी मिटणारी जी मांसल पानांची फुलं लावतात, ती गुलाबाची नव्हेतच. ती वनस्पती दक्षिण अमेरिकेतली. आपल्या अंगणातल्या बारमाही तांबड्या गुलाबाला मात्र कुणी चिनी म्हणत नाही, आणि त्याची सगळी लक्षणं त्या कुळाची. पानात तीन किंवा पाचच पानं, कोवळी फूट तांबूस, अंगकाठी बारीक. आणखी एक खूण आहे. इतर लाल गुलाब उन्हात फिकट होतात. हा उन्हात अधिक गडद होतो. सकाळी कुंकवाचा रंग असतो, संध्याकाळपर्यंत कोकमाच्या आगळासारखा काळपट.

गुलाबाचे जाणकार 1867 ही एक सीमारेषा मानतात. त्या वर्षी फ्रान्समध्ये 'ला फ्रान्स' नावाचा गुलाब निघाला आणि आजच्या संकरित, मोठ्या फुलांच्या गुलाबांचं युग सुरू झालं. त्याआधीची जी घराणी, ती 'जुने गुलाब'. आपला ठेंगू त्या जुन्या घराण्यातला. याचा सुगंध मात्र हलका आहे, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. अत्तर आणि गुलकंद याच्यावर होत नाही. त्यासाठी दमास्कस कुळातला गुलाबी गुलाब हवा, किंवा ज्याला आपले माळी 'एडवर्ड' म्हणतात तो. नूरजहानच्या आईनं गुलाबपाण्यावर तरंगणारा तेलाचा थर टिपून अत्तर काढलं, असं जहांगीरनं आपल्या आठवणींत लिहिलं आहे. ते वैभव आपल्या तांबड्याच्या नशिबी नाही. तो साधा, रोजच्या पूजेचा, दर्ग्यावरच्या चादरीतला, शाळेत बाईंना द्यायचा गुलाब.

आता लागवडीकडे येते. आंब्याच्या झाडाला आपण 'कलम' म्हणतो. 'कलम' म्हणजे मूळ अरबीत बोरूची लेखणी. फांदी तिरकी छाटली की ती बोरूसारखी दिसते, म्हणून रोपालाही तोच शब्द. आपल्या गुलाबाची फांदी अशीच छाटायची. फार कोवळी नको, फार जून नको. नुकतंच फूल येऊन गेलेली, पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक फांदी निवडा. सहा ते आठ इंच लांब, तीन-चार डोळ्यांची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. वरचा काप डोळ्याच्या थोडा वर. खालची पानं काढा, वरची एक-दोन ठेवा. अर्धी फांदी मातीत जाईल अशी खोचा आणि भोवतीची माती बोटांनी दाबून घट्ट करा.

वेळ कोणती? घाटावरचे लोक सांगतील, पावसाच्या सुरुवातीला. आपल्याकडे ते चालत नाही. आषाढातल्या पावसात फांदी मुळं धरायच्या आधीच कुजते. श्रावण अर्धा सरला, ऊनपावसाचा खेळ सुरू झाला की लावा. पडवीच्या कडेला, पण पागोळ्यांच्या धारेखाली नको. चार ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. तांबूस कोंब दिसला म्हणून लगेच हलवू नका. पहिला कोंब फांदी आपल्या पोटातल्या साठ्यावरही काढते. दुसरी-तिसरी पानं स्थिर झाली की समजा, मुळं आली.

चोरून आणलेली फांदी हटकून जगते, असं आपल्याकडे म्हणतात. त्यात तथ्य एवढंच, की चोरलेली फांदी माणूस लपवून घाईघाईनं घरी आणतो आणि त्याच संध्याकाळी लावून टाकतो. मागून आणलेली फांदी दोन दिवस खिडकीत पडून राहते. तेव्हा मागून आणा, पण चोरासारखी लगबगीनं लावा.

जागा निवडताना तीन गोष्टी पाहायच्या. पहिलं म्हणजे ऊन. निदान पाच-सहा तास हवं, त्यातलं सकाळचं जास्त. दुसरं वारा. समुद्र किंवा खाडी ज्या अंगाला असेल, त्याच्या उलट बाजूला, घराच्या किंवा गडग्याच्या आडोशाला लावा. खाऱ्या वाऱ्यानं पानांच्या कडा करपतात. तसं झालंच तर गोड्या पाण्यानं झुडूप धुऊन काढायचं. तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे निचरा. गुलाब पाण्यानं मरत नाही, साचलेल्या पाण्यानं मरतो. आपल्याकडे खाली कातळ असतो. दीड फूट खणलं की पहार खणखणते. अशा खड्ड्यात पावसाळाभर पाणी तुंबतं. म्हणून खणण्यापेक्षा वर उचला. चार चिरे मांडून फूटभर उंच वाफा करा आणि त्यात लावा. कुंडी वापरायची असेल तर बारा इंची मातीची पुरते, कारण झुडूप मुळात आटोपशीर. त्यासाठीच फ्लॅटच्या गॅलरीतही ते सुखानं राहतं.

मातीत दोन वाटे लाल माती, एक वाटा चांगलं कुजलेलं शेणखत, एक वाटा नदीची वाळू. खाडीची वाळू घेऊ नका, तिच्यात मीठ असतं. आपली जांभ्याची माती आंबट, म्हणजे आम्लधर्मी. गुलाबाला सामू सहा ते साडेसहाच्या आसपास आवडतो. लावण्याआधी पंधरा दिवस मूठभर चुना मातीत मिसळून ठेवला तर बरं. चुना आणि शेणखत मात्र एकाच दिवशी घालू नका, खताचा कस उडून जातो. पुढे दर दोन महिन्यांनी थोडं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड पुरेशी आहे. आमच्या घरी मासळी धुतलेलं पाणी वर्षानुवर्षं याच झुडपांना जातं. ताज्या मासळीचं चालतं. खारवलेल्या सुक्या मासळीचं नको.

छाटणीबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असतो. मोठ्या संकरित गुलाबांची ऑक्टोबरात कडक छाटणी करतात, ती पाहून आपणही याला बोडकं करतो. याला ते मानवत नाही. पाऊस गेला की मेलेल्या, काळ्या पडलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या काड्या काढा, बाकी शेंडे बोटभर खुडा, बस्स. मग वर्षभर फूल सुकलं की खालच्या दोन पानांसकट कापायचं. तेवढीच त्याची छाटणी. जितकी फुलं घ्याल तितकी पुढची येतात.

आता दुखणी. पावसात पानांवर काळे ठिपके पडून पानं पिवळी होऊन गळतात. जुन्या गुलाबांनाही ते होतं, पण हा चटकन सावरतो. गळलेली पानं गोळा करून दूर टाका, बुंध्याशी ठेवू नका. पहिला पाऊस पडला की रात्री भुंगेरे येऊन पानांची चाळण करतात. दिवा घेऊन वेचले की झालं. थंडीत पांढरी भुरी येते, मार्च-एप्रिलमध्ये पानांखाली लाल कोळी बसतो. त्याला पाण्याचा जोराचा फवारा मानवत नाही. मावा दिसला तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी. शेंड्याकडून फांदी काळी पडत खाली येऊ लागली तर हिरव्या भागापर्यंत कापा आणि कापावर बोर्डो पेस्ट लावा. सुपारीच्या बागाईतदारांना बोर्डोची ओळख मी काय सांगावी! मोरचूद आणि चुना प्रत्येक आगरात असतोच. उन्हाळ्यात बुंध्याशी आंब्या-फणसाचा पातेरा पसरा, ओल टिकते. मे महिन्यात फुलं लहान येतात, रंगही जळका दिसतो. काळजी करू नका, पहिल्या वळवानंतर तो पुन्हा अंग धरतो.

हे सगळं सांगितलं, पण ज्यासाठी आज हा विषय घेतला ते अजून सांगायचं आहे.

नर्सरीतला गुलाब म्हणजे डोळा भरलेला गुलाब. खाली जंगली खुंटरोप असतं आणि त्यावर हव्या त्या जातीचा डोळा बसवलेला असतो. आपल्या पावसात पुष्कळदा वरचा भाग मरतो आणि खालून खुंटाची जोमदार फूट निघते. घरच्यांना वाटतं, गुलाब वाचला. प्रत्यक्षात तो गेलेला असतो आणि दुसराच कुणीतरी त्याच्या जागी उभा असतो. आपला तांबडा गुलाब स्वतःच्या मुळावर असतो. गुरांनी खाल्ला, वादळानं मोडला, कुणी जमिनीलगत कापला, तरी मुळातून जो फुटतो तो तोच असतो.

पण याची दुसरी बाजूही आहे. हा गुलाब बीपासून जसाच्या तसा होत नाही. तो फक्त फांदीनं जगतो. म्हणजे तुमच्या अंगणातलं झुडूप हे ज्या झुडपाची फांदी आहे, तेच झुडूप आहे. आणि तेही त्याच्या आधीच्याचं. शंभर वर्षांपूर्वी कुणाच्या तरी हातानं लावलेलं एकच रोप शेकडो अंगणांत उभं आहे. माणसानं फांदी लावणं थांबवलं, की ते संपलं. त्याची बी कुठल्या कोठारात नाही, आणि बाजारात त्याला भाव नाही, म्हणून नर्सरीवाला ते ठेवत नाही. मावळातल्या हरितगृहांतून फेब्रुवारीत जे गुलाब मोठ्या संख्येनं परदेशी जातात, त्यांत याला जागा नाही. याचा दांडा आखूड आणि मान बारीक.

आणि आपल्या आळ्यांत काय चाललं आहे? घरं बंद होत आहेत. एक मुलगा मुंबईला, एक कुवेतला, मुलगी पुण्याला. म्हातारी माणसं गेली की दाराला कुलूप, दोन पावसाळ्यांत अंगणात रान. नाहीतर जुनं घर पाडून तिथे चार मजले. इमारतीला माझी हरकत नाही, माणसांना राहायला जागा हवी. पण जेसीबी येतो तेव्हा त्याला झुडूप दिसत नाही.

आमच्या शेजारच्या काकूंच्या विहिरीवर असा एक तांबडा होता. काकू आमच्या सासूबाईंच्या मैत्रीण. गौरीला दुर्वा-आघाडा आमच्या परसातून त्यांच्याकडे जाई, आणि ईदच्या सकाळी त्यांच्याकडून परडीभर तांबडी फुलं आमच्याकडे येत. घर विकायचं ठरलं तेव्हा काकू गडग्यापाशी येऊन मला म्हणाल्या, "अगो, चार फांद्या ने गो. मुंबईच्या बाल्कनीत माझ्या हातून जगेल असं वाटत नाही. तुझ्याकडे असला म्हणजे आहे." मी म्हटलं, "काकू, तुम्ही येऊन बघायचा मात्र." त्या आल्या नाहीत. घर गेलं, पुढे काकूही गेल्या. बऱ्याच वर्षांनी त्यांची नात आली. आजीचं घर बघायला आली होती, तिथे आता लिफ्ट आहे. ती आमच्या दारात उभी राहून म्हणाली, "मावशी, आजी कुठल्यातरी लाल गुलाबाचं सांगायची." मी तिला परसात नेलं. ओल्या फडक्यात गुंडाळून सहा फांद्या दिल्या. त्यांतल्या दोन ठाण्याला जगल्या. तिसऱ्या मजल्यावर, कुंडीत, त्याच विहिरीवरचा तोच गुलाब फुलतो आहे.

जगातही असे गुलाब हरवले आणि सापडले आहेत. विसाव्या शतकात नव्या जातींच्या लाटेत जुने गुलाब नर्सऱ्यांच्या याद्यांतून नाहीसे झाले, तेव्हा शोधणारी माणसं कुठे गेली असतील? कबरस्तानांत, पडक्या घरांत, जुन्या कुंपणांवर. अटलांटिक महासागरातल्या बर्म्युडा बेटावर नाव हरवलेले जुने गुलाब लोकांनी अंगणांत जपले आहेत. त्यांना ते 'गूढ गुलाब' म्हणतात आणि ज्या घरात सापडले त्यांचं नाव देतात. ज्या रानटी चिनी गुलाबापासून हे कुळ निघालं, तो कुणाला दिसेनासा झाला होता. 1983 मध्ये मिकिनोरी ओगिसू या जपानी अभ्यासकानं तो चीनच्या सिचुआन प्रांतात पुन्हा पाहिला. आणि 2018 मध्ये याच चिनी कुळातल्या एका जुन्या गुलाबी गुलाबाची संपूर्ण जनुकीय मांडणी शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली. ज्या झुडपाला आपण गावठी म्हणतो, त्याच्या नातेवाइकांवर जग एवढी मेहनत करतं आहे.

आपल्याला एवढं काही करायला नको. प्रयोगशाळा नको, संस्था नको. एक कात्री, एक कुंडी आणि शेजाऱ्याशी बोलणं एवढंच हवं. यंदा श्रावण उतरताना आपल्या आळीत फिरा. कुठे बंद घराच्या अंगणात तांबडा दिसला, तर मालकाला फोन करून विचारा. बहुतेक माणसं नाही म्हणत नाहीत. उलट, आपल्या घराची कुणी चौकशी केली म्हणून त्यांना बरं वाटतं. फांद्या लावताना एक आपल्यासाठी लावा आणि एक दुसऱ्या घरासाठी, कारण एकाच अंगणातलं झाड म्हणजे टांगणीला लागलेलं झाड. शिवाय कुंडीवर रंगानं लिहून ठेवा, कुठल्या आळीतून, कुणाच्या विहिरीवरून, कोणत्या साली आणला. गुलाबाचं शास्त्रीय नाव माहीत नसलं तरी चालेल. त्याचं घर माहीत असलं पाहिजे.

फुलाला धर्म नसतो, असं आम्ही कवी मंडळी फार सहज लिहून जातो. अंगणात पाहिलं तर गोष्ट त्याहून साधी आहे. फुलाला शेजार लागतो. या गुलाबानं कलकत्ता पाहिलं, त्याचे भाऊबंद लंडन-पॅरिसला गेले, पण आपल्या रत्नागिरीत तो टिकला तो गडग्यावरून हात पुढे करून फांदी देणाऱ्या आणि घेणाऱ्या बायकांमुळे. तो देवाण-घेवाणीचा रस्ता मोकळा ठेवा, म्हणजे झुडूप आपलं आपण जगेल.